आखाड्यावरच्या दिव्याखाली मेलेली माशी कोणाची?

अंबडच्या दादांनी विचारलंय ते थोडक्यात असं. दोन एकरांवर कांद्याचं बीजोत्पादन आहे, गोंडे उमलायला लागलेत, त्यासाठी मेलिफेराच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या परदेशी मधमाशीच्या, आठ पेट्या भाड्यानं आणल्यात. आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर, नवा एलईडी दिवा लावल्यापासून रोज सकाळी त्याच्याखाली तीस-चाळीस माश्या मरून पडलेल्या सापडतात. पेटीवाला म्हणतो, तुमच्या फवारणीनं माझ्या माश्या मेल्या, भरपाई द्या. धुऱ्यावरच्या वडाला आग्या मोहोळाची चार पोळी लटकलीत, ती जाळून टाका असं घरच्यांचं म्हणणं. आणि जाता जाता विचारलंय की पेट्यांना लाल रंग दिला तर माश्यांना लांबून दिसतील का.

दादा, आधी भरपाईचं बघू. पेटीवाल्याच्या हातावर रुपया ठेवायच्या आधी मेलेल्या माश्या एका काडेपेटीत भरा आणि दिवसाउजेडी नीट बघा. बावीस वर्षं पेट्या फिरवतोय, त्यावरून सांगतो, त्यातल्या बहुतेक आग्याच्या निघतील. पेटीतली माशी दिवस मावळला की घरात असते. रात्री आठ वाजता दिव्याला धडका देणारी माशी आपल्या शिवारात जवळजवळ नेहमी आग्याचीच.

ओळखायला अवघड नाही. आग्याची कामकरी माशी लांबट असते, १७ ते २० मिलिमीटर. पंख धुरकट, पोटाचा पुढचा भाग तांबूस-पिवळा आणि मागचा काळा. मेलिफेरा १२ ते १५ मिलिमीटरची, आखूड, अंगावर लव जास्त, पंख काचेसारखे. पेटीसमोरून एक मेलेली माशी उचलून आणा आणि शेजारी ठेवा, शाळेतलं पोरगंही फरक सांगेल. आणखी एक बघा. काही माश्यांचे डोळे टाळूवर एकमेकांना टेकलेले दिसले तर ते नर समजा. नरांचा उडण्याचा वक्त जातीजातीला वेगळा असतो. श्रीलंकेत याच्या नोंदी झाल्यात: फुलोरीचे (झुडपात एकच उघडं पोळं करणारी बारकी माशी) नर भर दुपारी, सातेरीचे (ढोलीत राहणारी आपली देशी माशी) दुपार कलल्यावर, आणि आग्याचे दिवस बुडाल्यानंतरच्या संधिप्रकाशात. एका रानात तीन जाती, पण राणीच्या मागं जायच्या वेळा वाटून घेतलेल्या. तुम्ही दिवा लावता तो नेमका आग्याच्या नरांच्या वेळेला.

फवारणीनं मेल्या असत्या तर ढीग दिव्याखाली पडला नसता. विषबाधा झालेल्या माश्या पेटीच्या दारासमोर पडतात, बऱ्याचदा जीभ बाहेर आलेली असते, काही लंगडत गोल फिरत असतात. हे पेटीवाल्यालाही ठाऊक असणार. एकच अडचण आहे. तुमच्या पेट्या आखाड्याच्या अगदी लगत असतील, दिव्याचा झोत थेट दारावर पडत असेल आणि उकाड्यानं माश्या रात्री दाराबाहेर दाढीसारख्या लोंबत असतील, तर थोड्या मेलिफेराही दिव्याकडं जातात. तसं असेल तर काडेपेटीत दोन्ही जाती मिळतील. मग भांडण अर्ध्यावर मिटवा.

आता मुळाशी जाऊ, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिथंच आहेत. आपण सगळ्यांना "मधमाशी" म्हणून मोकळे होतो. पण कोणती माशी कधी उडेल, किती लांब जाईल, कशावर चिडेल, हे बरंचसं तिच्या डोळ्यावरून ठरतं, आणि तो डोळा सगळ्यांचा सारखा नाही.

माशीला डोळे पाच. दोन मोठे, बाजूला. तीन बारके, मोहरीहूनही लहान, कपाळाच्या वर त्रिकोणात. मोठा डोळा म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. मेलिफेराच्या कामकरी माशीच्या एका डोळ्यात अशा पाच हजारांच्या आसपास नळ्या असतात, नराच्या त्याहून बऱ्याच जास्त, कारण त्याला आभाळात उडती राणी हेरायची असते. एक नळी समोरच्या दृश्याचा एकच ठिपका टिपते. त्यामुळं बारकाव्यात माशी आपल्या पासंगालाही पुरत नाही, आपली नजर तिच्यापेक्षा साठेक पट धारदार. उलट, हलणाऱ्या गोष्टीत ती आपल्याला हरवते. आपल्याला सेकंदाला पन्नास-साठ लुकलुकींच्या पुढं उजेड सलग वाटतो, तिला दोनशेच्या आसपासही तुटक दिसतो.

अंधाराचं गणित असं समजा. पावसाची भुरभुर चालू आहे आणि अंगणात भांडी मांडायचीत. अंगणभर वाट्या मांडल्या तर कुठं किती पडलं ते बारकाईनं कळेल, पण भुरभुरीत एकेका वाटीत थेंबसुद्धा पडायचा नाही. पराती मांडल्या तर प्रत्येकीत काहीतरी जमेल, मात्र अंगणात मावतील पाच-सहाच, बारकावा गेला. उजेड हा तो पाऊस. उन्हात उडणाऱ्या माशीला वाट्या परवडतात, झुंजूमुंजूला किंवा चांदण्यात उडणारीला पराती लागतात.

आपल्याकडच्या मधमाश्यांच्या भांड्यांचा आकार मोजून झालाय. आपल्याकडच्या संशोधक हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्याबरोबर स्वीडनच्या एरिक वॉरंट, आल्मुट केल्बर यांनी २००९ मध्ये फुलोरी, सातेरी आणि आग्या यांचे डोळे मेलिफेराशी ताडून मांडले. उजेड गोळा करण्यात आग्या पहिली, मग मेलिफेरा, मग सातेरी, शेवटी फुलोरी. आग्याची नजर त्या मानानं ढोबळ, आणि फुलोरीची एकेक नळी सगळ्यात अरुंद कोनातून बघणारी. आग्याचे कपाळावरचे तीन डोळेही चांगले मोठे. कमी उजेडात उडणाऱ्या माश्यांची ही खूणच म्हणायची.

मला यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आग्याचा डोळा चौघींत सरस असला तरी तो खऱ्या निशाचर माशीचा डोळा नव्हे. रात्रीच्या माश्यांचे डोळे मेलिफेराच्या तीसेक पटीपर्यंत संवेदनशील असतात, आग्या त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून ती काळ्या रात्री चरायला निघत नाही. तिला चंद्र लागतो, तोही अर्धा किंवा त्याहून मोठा. खरी निशाचर बघायची तर भीमाशंकरच्या जंगलात जावं लागतं. तिथं लाकूड पोखरणारा एक भुंगा अमावस्येच्या रात्रीही चरतो, आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात आपल्या बिळाजवळच्या खुणेचा रंग ओळखतो, हे याच मंडळींनी २००८ मध्ये दाखवलं. आपल्याला त्या उजेडात रंग सोडा, हातातली काठी दिसत नाही. आपल्या आखाड्याच्या वाशांना भोकं पाडणारा काळा भुंगा त्याचाच भाऊबंद, पण उन्हाचा गडी.

चांदण्यात चरून आलेली आग्याची माशी पोळ्यावर नाचून बाकीच्यांना दिशा सांगते, तेव्हा ती चंद्राच्या नव्हे, क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याच्या हिशेबानं सांगते. सूर्य दिसत नसताना तो कुठं पोचला असेल याचा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ओट्यावर जाऊन बसलो होतो.

आता तुमचा दिवा. उडताना अंग सपाट आहे की कललंय, हे माशी बरंचसं आभाळाच्या उजेडावरून सांभाळते, कपाळावरचे डोळे त्या कामाला असतात. आभाळ काळवंडलेलं आणि शेजारी एकच पांढराफेक ठिपका पेटलेला, की हिशेब बिघडतो. मग ती त्याभोवती घिरट्या घालते, आदळते, थकून पडते, आणि पहाटेच्या गारठ्यात मरते. त्यात पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भाग ठसठशीत असतो, ४५० नॅनोमीटरच्या आसपास, आणि माशीच्या निळ्या रंगाच्या पेशी ४३६ च्या आसपास सगळ्यात जास्त जाग्या होतात. म्हणजे तुम्ही बरोबर तिच्या डोळ्यात सुई घातलीत.

उपाय स्वस्तातला आहे. पांढरा काढून पिवळा दिवा लावा, वरून पत्र्याची टोपी घाला म्हणजे उजेड खाली पडेल आणि वडाच्या बाजूनं दिसणार नाही. दिवस बुडल्यापासून तासभर तो लावूच नका, गुरांचं धारा-पाणी आधी उरका. पिवळ्यानं माश्या पूर्ण थांबत नाहीत, कमी होतात. रात्री पेट्या हलवायच्या असतील तर बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. लाल उजेड माशीला नसल्यातच जमा. आणि वडाकडं बॅटरी मारायची नाही, पोरांना तर बजावूनच ठेवा. झोत पोळ्यावर पडला की माश्या त्या उजेडाच्या वाटेनं उतरतात, आणि उजेडाच्या दुसऱ्या टोकाला आपला हात असतो.

फवारणीबद्दल मात्र मी तुम्हाला पूर्ण निर्दोष सोडत नाही. "संध्याकाळी फवारा, माश्या घरी गेलेल्या असतात" हा सल्ला सगळीकडं दिला जातो. मेलिफेरा, सातेरी, फुलोरी यांच्यापुरता तो बरोबर आहे. फुलोरी तर ऊन चांगलं वर आल्याशिवाय हलतच नाही आणि उतरतं ऊन बघून परतते. पण आग्या या सल्ल्यात बसत नाही. शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी चंद्र आभाळात असतो, तेव्हा ती दिवेलागणीनंतरही फुलावर असू शकते. म्हणून फुलोऱ्यात फवारणी टाळा, हेच पहिलं आणि खरं उत्तर. फुलकिडे हाताबाहेरच गेले आणि गत्यंतरच उरलं नाही, तर वद्य पक्षातली, चंद्र उशिरा उगवणारी संध्याकाळ निवडा, पेटीवाल्याला आदल्या दिवशी कळवा, आणि माश्यांना कमी घातक असलेलं औषध कोणतं ते खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. बऱ्याच औषधांचा अंश सकाळपर्यंत, काहींचा कित्येक दिवस फुलावर राहतो, तिथं तिथी कामाला येत नाही.

(अमावस्या-पौर्णिमेला मोहोळात मध असतो की नसतो, यावर गावागावात वेगळं ऐकायला मिळतं. मी त्या वादात पडत नाही. मध झाडाला फुलं किती आहेत त्यावर ठरतो.)

लाल रंगाचं सांगतो. नको. माशीला तीन मूळ रंग दिसतात: अतिनील, निळा आणि हिरवा. आपले लाल, हिरवा, निळा. म्हणजे आपल्याला न दिसणारा अतिनील तिच्याकडं आहे आणि आपला लाल तिच्याकडं नाही. कार्ल फॉन फ्रिश यांनी शंभरेक वर्षांपूर्वी करड्या रंगांच्या चौकटींत एक निळी चौकट ठेवून माशीला रंग कळतो हे सिद्ध केलं. पुढं नाचाच्या भाषेबद्दलच्या कामासाठी त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. लाल पेटी माशीला काळपट दिसेल, वर आपल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात आत भट्टी होईल ती वेगळीच. "मग डाळिंबावर माश्या कशा येतात" असं कोणीतरी लगेच विचारणार. डाळिंबाचं फूल शेंदरी आहे, नुसतं तांबडं नाही, त्यातला थोडा भाग तिच्या हिरव्या पेशीला पोचतो, आणि मधे पिवळ्या केसरांचा गुच्छ आहे. तिला हवा असतो तो तिथला पराग.

रंग लावायचा तर निळा, पिवळा, पांढरा. पण "लांबून दिसेल" ही अपेक्षा सोडा. बर्लिनमध्ये झालेल्या प्रयोगांतून एक आकडा हाती आलाय तो आपल्या फार कामाचा आहे. वस्तू माशीच्या डोळ्यात सुमारे १५ अंशांएवढी भरली तरच तिला तिचा रंग कळतो. त्याहून लहान, ५ अंशांपर्यंत, नुसता फिका-गडद ठिपका दिसतो, तोही फक्त हिरव्या पेशींच्या जोरावर. त्याच्या खाली काहीच नाही. हिशेब मांडून बघा. पेटीची पुढची बाजू ४० सेंटिमीटर धरली तर रंग ओळखू यायला माशी दीड मीटरच्या आत यावी लागते, आणि पेटी म्हणून काहीतरी आहे हे कळायला साडेचार मीटरच्या आत. कांद्याचा गोंडा सहा सेंटिमीटरचा धरा, त्याचा रंग तिला वीतभरावरून कळतो आणि ठिपका दीड हातावरून. शेताच्या त्या टोकाहून ती एकटा गोंडा बघतच नसते, तिला दिसतो फुललेला पांढरट पट्टा. शेवटचे दोन हात ती वासावर आणि ठिपक्यावर काढते.

हा आकडा मला माहीत असता तर माझं एक साल वाचलं असतं. लातूरकडं सूर्यफुलात तीस पेट्या लावल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, दोरी धरून एका ओळीत, दारं एका दिशेला. दिसायला शाळेच्या कवायतीसारखं सुरेख. महिन्याभरात टोकाच्या पेट्यांत माश्या मावेनात आणि मधल्या पेट्या ओस. माश्यांना आपलं घर सापडत नव्हतं, वारा ज्या बाजूनं ढकलेल तिकडच्या दारात शिरत होत्या. मला वाटलं राण्या खराब निघाल्या. ज्याच्याकडून राण्या घेतल्या त्याच्याशी फोनवर भांडलो, ते भांडण आजही माझ्या अंगाशी आहे, कारण चूक माझी होती. आता मी पेट्या चार-पाचच्या घोळक्यात, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून, झुडूप किंवा दगड बघून ठेवतो. दाराच्या वर वीतभर निळा चौकोन, शेजारच्या पेटीवर पिवळी आडवी पट्टी, तिसरीवर पांढरी फुली. पूर्ण पेटी रंगवायची गरज नाही, दाराजवळची खूण पुरते, कारण ती तिथं आल्यावरच तिला दिसते. तुमच्या आठ पेट्यांना एवढं करून घ्या, पेटीवाला आनंदानं करू देईल.

आठ पेट्या आणूनही गोंड्यावर माश्या कमी दिसतील, तेव्हा पुन्हा मला विचाराल, म्हणून आत्ताच सांगतो. कांद्याच्या मकरंदात पोटॅश जास्त असतं, मेलिफेराला तो फारसा आवडत नाही. शेजारच्या शिवारात मोसंबी किंवा करडई फुलली की ती बेधडक तिकडं जाते, तिला दोन-तीन किलोमीटर म्हणजे काही नाही. म्हणून पेट्या गोंडे थोडे उमलल्यावरच आणायच्या असतात. आधी आणल्या तर त्या दुसरीकडचा रस्ता पाठ करतात आणि मग वळत नाहीत.

अंतराच्या बाबतीतही जातीजातीत फरक आहे, आणि तोही नाचात उतरलाय. बेंगळुरूच्या संशोधकांनी सातेरी, फुलोरी आणि आग्या एकाच जागी ठेवून बघितलं. एकाच अंतरासाठी सातेरी सगळ्यात लांब थरथर नाचते, आग्या सगळ्यात आखूड. सातेरीचं चरण्याचं रान लहान, आग्याचं मोठं. जिला दूरदूर जायचंय तिनं नाच आखडता घेतलाय, नाहीतर नाचूनच दमेल. फुलोरीचा नाच तर बघण्यासारखा. बोरीच्या किंवा बाभळीच्या फांदीला तिचं वीतभर पोळं असतं, वरती फांदीभोवती चौथऱ्यासारखी सपाट जागा, त्या उघड्या चौथऱ्यावर आभाळ बघत ती नाचते आणि फुलाच्या दिशेला सरळ तोंड करून दाखवते. पेटीतल्या माशीला अंधारात उभ्या पोळ्यावर नाचावं लागतं, म्हणून ती सूर्याची दिशा "वर" धरून कोन सांगते. काटेरी कुंपण साफ करताना असं पोळं दिसलं तर फांदी तेवढी सोडा. कांद्यावर फुलोरी मन लावून काम करते, आणि ती तुमच्याकडं भाडं मागत नाही.

सातेरी आपल्या भागात फार थोडी, तिला सह्याद्रीचा गारवा मानवतो, त्यामुळं तिच्या पेट्या आणायचा सल्ला मी अंबडला देणार नाही. भिंतीच्या भोकात राहणारी डंख नसलेली बारकी माशी चांगली, पण ती जवळपासचंच फूल बघते, नाच वगैरे करत नाही, वासाच्या खुणा सोडत जाते. दोन एकरांना ती एकटी पुरायची नाही. वांग्याला मात्र यांतली कोणतीच चालत नाही. त्याचा पराग नळीत कोंडलेला असतो, तो बाहेर काढायला निळ्या पट्ट्यांची गुबगुबीत माशी किंवा भुंगा लागतो. ते फुलाला धरून पंखांचे स्नायू अशा वेगानं थरथरवतात की पराग चाळणीतून पडावा तसा पडतो. तुरीचं फूल उघडायला पानं कापणारी माशी. धुरे जाळून चकाचक करता, त्यात यांची घरं जातात. आणि बालाघाटाच्या सीताफळाला माशीच लागत नाही, तिथं बारके भुंगेरे काम करतात. कोणी सीताफळात पेट्या लावायला सांगितल्या तर पैसे खिशात ठेवा.

राहिला वड. चार पोळी जाळू नका. तुमच्या गोंड्यांवर सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा कोण बसतं ते दोन दिवस मोजा, मग बोला. मेलिफेरा पेटीत असते तेव्हाची पाळी आग्या भरून काढते. ऊन तापलं, फुलं सरली की ती उठून जाईल, आणि पुढच्या हंगामात बहुतेक त्याच वडावर परत येईल. आसामात वंशाची खूण तपासून बघितलंय, त्याच झाडावर त्याच राण्यांच्या वसाहती फिरून आल्या होत्या.

पण तिच्याजवळ कसं वागायचं ते समजून घ्या. आग्याचं पोळं उघड्यावर, माश्यांचा पडदा पांघरलेलं. जवळून गांधीलमाशी गेली की त्या पडद्यावर काळीभोर लाट सर्रकन पसरताना दिसते. हजारो माश्या एकामागून एक पोट वर उचलतात त्याची ती लाट. थिरुवनंतपुरमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये पोळ्यांसमोर पुठ्ठ्याच्या गोल चकत्या फिरवून बघितलं. उजळ पार्श्वभूमीवर गडद चकती हलली की लाट उठते, गडदावर फिकी हलवली तर नाही, आणि फार लहान चकतीला माश्या भीक घालत नाहीत. म्हणजे तिची भीती कोरलेली आहे ती "उजेडावर हलणारं काळं" अशी.

मला हे वेगळ्या वाटेनं कळलं होतं. आमच्याकडं लातूर-धाराशिवला येळवस असते, म्हणजे वेळा अमावस्या, अख्खं गाव रानात जेवायला. मी दहा-अकरा वर्षांचा. चिंचेखाली कडब्याची कोप, भज्जी-आंबिलीचा बेत, आणि वर चिंचेला आग्याचं पोळं, जे रोज बघून आम्हाला दिसेनासं झालेलं. थंडी म्हणून मी आज्याचं काळं घोंगडं डोक्यावरून घेतलं आणि बांधावर पळत सुटलो, पाठीमागं उघडं आभाळ. कोणीतरी त्याच वेळी चुलीत ओली तुराटी घातली, धूर थेट वर. बाकीच्यांना दोन-दोन, चार-चार डंख, मला पस्तीसच्या वर. माझी आई पांढऱ्या लुगड्यात माझ्यामागं धावली, तिला तीन. धूर होता, पळापळ होती, एकट्या रंगावर सगळं ढकलता यायचं नाही. पण तेव्हापासून मी पेट्यांवर काळा सदरा घालून गेलेलो नाही.

म्हणून वडाखाली पालापाचोळा पेटवायचा नाही, ट्रॅक्टरचा धूर त्या बाजूला नको, गडद कपड्यांत हातवारे नकोत. मजुरांना फिके कपडे सांगा, डोकं पांढऱ्या रुमालानं झाका. लागल्याच मागं तर हात झटकत बसू नका. तोंड झाकून सरळ पळायचं, आखाड्याच्या अंधाऱ्या खोलीत शिरून दार लावायचं. विहिरीत, हौदात उडी मारायची नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. डंख नखानं लगेच खरडून काढा, कारण त्या जागेचा वास बाकीच्यांना तिथंच बोलावतो. डंख फार असतील, श्वास अडकत असेल, ओठ-घसा सुजत असेल, तर घरगुती काही करत न बसता गाडी काढा.

काडेपेटीचं आजच करा. उद्या सकाळी दिव्याखालच्या सगळ्या माश्या गोळा करून लांबट आणि आखूड असे दोन ढीग लावा, मोजा, पेटीवाल्याला बोलावून त्याच्यासमोर मोजा. मग तीन रात्री दिवा बंद ठेवून चौथ्या सकाळी पेट्यांच्या दारासमोर किती मेल्यात ते दोघांनी मिळून बघा. तिथं दहा-वीसच असतील तर वसाहत ठीक आहे, तेवढ्या म्हाताऱ्या माश्या रोज मरतातच. ढीग दिसला तर मला फवारलेल्या औषधाचं नाव आणि तारीख कळवा.